खालचे सगळे दात काढून कवळी करायची का? आईंच्या दातांबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६४ वर्षांच्या, तासगाव तालुक्यातल्या गावी राहतात. विचारणारा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. आईंच्या वरच्या जबड्यात एकही दात नाही, नऊ वर्षांपासून पूर्ण कवळी आहे. खाली पुढचे सहा दात तेवढे उरलेत, दोन्हीकडच्या दाढा कधीच गेल्या. सहांपैकी मधले चार हलतात. वरची कवळी अलीकडे सैल झालीय, बोलताना सुटून खाली येते. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत आणि लहानपणापासून मिश्री लावायची सवय आहे. एका दवाखान्यात सांगितलं, "खालचे सगळे काढा, आठवड्यात कवळी देतो." दुसरीकडे सांगितलं, खाली सहा इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे धातूचे खिळे) टाकून फिक्स दात बसवू, साडेतीन लाख लागतील. आईंचं मागणं एकच आहे: "भाकरी चावता आली पायजे, बाकी मला काय नको." तर काय करावं?

मी सांगलीत प्रोस्थोडॉन्टिस्ट म्हणून काम करतो. बीडीएस झाल्यावर तीन वर्षं फक्त गेलेले दात परत कसे बसवायचे आणि मोडलेले दात कसे उभे करायचे एवढंच शिकायचं, आणि पुढे जन्मभर तेच करायचं, अशी ही शाखा आहे. कॅप, ब्रिज, कवळी, इम्प्लांटवरचे दात हे सगळं त्यात आलं. तुमच्या आईंसारखं तोंड आमच्या भागात नेहमी बघायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. सहाच्या सहा दात काढायला लगेच होकार देऊ नका. मधले चार कदाचित जातील, जाऊ देत. पण दोन्ही बाजूंचे दोन सुळे वाचतात का, हे एक्स-रे काढून नीट तपासून घ्या. वाचत असतील तर ते मुळासकट जबड्यात ठेवून त्यांच्यावर बसणारी कवळी करून घ्या. सहा इम्प्लांटचा बेतही तूर्त थांबवा. खर्चासाठी थांबवा असं म्हणत नाही. आईंच्या वरच्या जबड्याला तो मानवणार नाही, म्हणून म्हणतोय.

आता कारणं. लोकांना वाटतं कवळी म्हणजे कवळी, वरची काय आणि खालची काय. प्रत्यक्षात ती दोन वेगळी कामं आहेत. वरची कवळी सगळ्या टाळूवर पसरते, कडेने हिरडीला घट्ट टेकते, मधे लाळेचा पातळ थर असतो आणि ती चिकटून राहते. तिला बसायला सरासरी २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. खालची कवळी घोड्याच्या नालेच्या आकाराची, मधे जीभ, बाहेरून गाल आणि ओठ, आणि बसायची जागा जेमतेम १२ चौरस सेंटिमीटर. जीभ हलली की कवळी उचलली जाते, घास घेतला की सरकते. कवळीची तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा खालच्याच कवळीची तक्रार घेऊन येतो.

त्यात भर म्हणजे हाडाची झीज. दाताचं मूळ हाडात असतं तोवर त्या हाडाला काम असतं. दात काढला की ते हाड हळूहळू विरघळत जातं. पहिल्या वर्षात झपाट्याने, नंतर सावकाश, पण थांबत कधीच नाही. टाल्ग्रेन नावाच्या संशोधक बाईंनी कवळी वापरणाऱ्या माणसांचा पंचवीस वर्षं पाठपुरावा करून १९७२ साली जे मांडलं, ते आजही आमच्या पाठ्यपुस्तकात आहे: पुढच्या भागात खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. म्हणजे जिथे मुळात जागा कमी, तिथेच झीज जास्त. साठीत दात काढलेल्या बाई पंचाहत्तरीला येतात तेव्हा कित्येकदा हिरडीचा उंचवटा उरलेलाच नसतो, बोट फिरवलं तर सपाट लागतं. काही जणींची तर नस वर आलेली असते, कवळी दाबली की ओठापर्यंत झिणझिण्या जातात. अशा जबड्यावर कितीही मन लावून कवळी केली तरी ती फिरतेच.

म्हणून सुळ्यांचा एवढा आग्रह धरतोय. सुळा हा तोंडातला सगळ्यात लांब मुळाचा दात. पुढचे पटाशीचे दात हलायला लागले, दाढा गेल्या, तरी सुळे उभे असतात, हे तुम्हीही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात पाहिलं असेल. ही दोन मुळं हाडात राहिली तर आजूबाजूचं हाड टिकतं. क्रम आणि रूनी यांचा १९७८ चा अभ्यास आहे. खाली दोन सुळ्यांची मुळं ठेवून त्यावर कवळी बसवलेली माणसं, आणि सगळे दात काढून साधी कवळी दिलेली माणसं, अशी तुलना त्यांनी पाच वर्षं केली. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात पहिल्या गटाचं हाड सरासरी ०.६ मिलिमीटर कमी झालं, दुसऱ्या गटाचं ५.२ मिलिमीटर. पाच वर्षांतला हा फरक आहे. आई अजून वीस वर्षं जेवणार आहेत असं धरून विचार करा.

याला ओव्हरडेंचर म्हणतात. सुळ्याचं रूट कॅनल करायचं, दात हिरडीच्या वर दोन-तीन मिलिमीटर राहील इतपत कापून गोलसर करायचा, त्यावर फिलिंग किंवा धातूची छोटी टोपी बसवायची, आणि वरून कवळी घालायची. बाहेरून बघणाऱ्याला पूर्ण कवळीच दिसते. आतून ती दोन खुंटांवर टेकलेली असते, बाजूला सरकत नाही. हवं तर त्या टोप्यांवर बटणासारखी पकड बसवता येते, कवळी टच् करून बसते. सगळे दात काढले की आणखी एक गोष्ट जाते, ती मोजता येत नाही, पण जेवताना फार जाणवते. मुळाभोवती जो तंतूंचा पापुद्रा असतो त्यातून मेंदूला कळतं, घास किती कडक आहे, किती जोर लावायचा. घासात बारीक खडा आला तर दात असलेला माणूस चटकन थांबतो. दोन मुळं ठेवली तर ही जाण बऱ्यापैकी शिल्लक राहते.

तुम्ही विचाराल, सुळेही थोडे हलत असतील तर? हलतो म्हणजे काढायचा, असं नसतं. दात आडवा एखाद मिलिमीटर हलतो, त्याहून जास्त हलतो, की वर-खालीही दबतो, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. खाली दाबल्यावर दबणारा दात सहसा वाचत नाही. पण नुसता आडवा हलणारा सुळा जेव्हा हिरडीजवळ कापतो, तेव्हा त्याच्या वरचा लांब भाग जातो, त्यावर बसणारा हिसका कमी होतो आणि तोच दात काही आठवड्यांत घट्ट लागायला लागतो. मुळाभोवती निदान पाच-सहा मिलिमीटर निरोगी हाड उरलं असेल आणि हिरडी स्वच्छ करता येत असेल, तर मी तो दात ठेवायच्याच बाजूने असतो. हे ठरवायला एक ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा मोठा एक्स-रे, आणि त्या दोन दातांचे छोटे एक्स-रे पुरतात. "सगळे हलतात, काढून टाका" हे नुसतं बघून सांगितलं असेल, तर ते पुरेसं नाही. दात काढायला पाच मिनिटं लागतात, आणि तो निर्णय परत फिरवता येत नाही.

आता वरच्या जबड्याकडे या. तुम्ही लिहिलंय की वरची कवळी बोलताना सुटते, आणि ते वाचूनच मला अर्धी गोष्ट कळली. वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे खरे दात, ही जोडी वर्षानुवर्षं राहिली की काय होतं, ते केली नावाच्या डॉक्टरांनी १९७२ सालीच लिहून ठेवलंय. मागे दाढा नसल्यामुळे माणूस पुढच्या दातांनीच चावतो. खालचे सहा खरे दात वरच्या कवळीच्या पुढच्या भागावर रोज आदळत राहतात. त्याखालचं हाड झिजतं आणि हाडाच्या जागी नुसती लिबलिबीत हिरडी उरते. मग चावताना कवळी पुढून वर दबते आणि मागून सुटते.

घरी बघायचं असेल तर आईंना कवळी काढायला सांगा, हात स्वच्छ धुवा, आणि वरच्या हिरडीचा अगदी पुढचा भाग दोन बोटांत धरून हलकेच पुढे-मागे करून बघा. निरोगी हिरडी हाडाला घट्ट असते, हलत नाही. ती कानाच्या पाळीगत हलत असेल, तर मी म्हणतोय तेच झालंय. दुखत नाही, त्यामुळे आजवर कुणाच्या लक्षात आलं नसेल.

आता सहा इम्प्लांटचा विचार करा. खाली लोखंडासारखे पक्के, हाडात रुतलेले फिक्स दात येणार, आणि वर तीच लिबलिबीत हिरडीवर तरंगणारी कवळी राहणार. म्हणजे जो मार खालचे सहा खरे दात देत होते, त्याहून जोराचा मार आता सुरू होणार. वरची कवळी मधोमध तडकणं आणि पुढचं हाड आणखी वेगाने झिजणं, हे अशा तोंडात होऊ शकतं. ज्यांनी हा बेत सुचवला त्यांच्याकडे एवढंच विचारा: "वरच्या जबड्याचं काय करणार?" त्याचं उत्तर योजनेत लिहिलेलं नसेल, तर योजना अर्धीच आहे. दोन्ही जबडे एकत्र धरून विचार केल्याशिवाय एका जबड्यावर लाखो रुपये खर्च करू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

इम्प्लांटला माझा विरोध नाही, हे मुद्दाम सांगतो. मी स्वतः ते काम करतो. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, हे स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडावर दुसराच प्रयोग करताना दिसलं, आणि १९६५ साली तिथल्याच योटेबोरी (गोथेनबर्ग) शहरात त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात ते बसवले. त्या माणसाने ते शेवटपर्यंत, चाळीस वर्षं वापरले. या शोधाने आमची शाखाच बदलली. पण त्यातला सगळ्यात मोठा फायदा कुणाला होतो, हे लक्षात घ्या: ज्यांच्या खालच्या जबड्यात काहीच उरलेलं नाही त्यांना. त्यासाठी सहा इम्प्लांट लागत नाहीत. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली तज्ज्ञ जमले होते, त्यांनी एकमताने सांगितलं की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची काढता-घालता येणारी कवळी हाच पहिला पर्याय मानावा. दोन. ते बसतातही साधारण सुळ्यांच्याच जागी. म्हणजे आईंचे सुळे तपासात नापास झाले, तर रस्ता बंद होत नाही. सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट आणि त्यावर कवळी, हा दुसरा पर्याय तयार आहे. पण देवाने दिलेली दोन मुळं चांगली असताना ती काढून त्याच जागी विकतचे दोन खिळे घालण्यात काही अर्थ नाही.

इम्प्लांटची वेळ आलीच तर खालच्या जबड्यात हाड धरायला साधारण दोन ते तीन महिने द्यावे लागतात, वरच्यात जास्त. आईंची एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, आधी बघायची. सातच्या आसपास असेल तर उत्तम. आठच्या वर असेल तर मी थांबवतो आणि फिजिशियनकडे परत पाठवतो, कारण साखर चढलेली असली की जखम भरत नाही आणि हिरडीही सुजते. हेच दात काढण्यालाही लागू आहे, फक्त तिथे ठणका किंवा पू असेल तर थांबून चालत नाही.

मिश्रीबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यातल्या आपल्या आया-मावश्यांमध्ये ही सवय किती जुनी आहे, ते तुम्हाला सांगायला नको. सकाळी चुलीपुढे बसून तव्यावर भाजलेली तंबाखू बोटाने हिरड्यांवर घासायची, दात "साफ" होतात म्हणून. ती तंबाखूच आहे. हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात, दात हलतात, आणि खरी भीती पुढे आहे: गालाच्या आतून किंवा हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा येतो, जो दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही. मिश्री लावणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या तोंडात माप घेण्याआधी गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, हिरडी आणि टाळू मी बोटाने चाचपून बघतो. चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवायचाच, त्यात चालढकल नाही. आमच्याच शाखेत कॅन्सरसाठी वरचा जबडा काढलेल्या माणसांना टाळूची भोकं बुजवणारी कवळी करून द्यावी लागते, जेणेकरून घोटभर पाणी नाकातून परत येऊ नये. ते काम करताना मन जड होतं, आणि म्हणूनच तुम्हाला कळकळीने सांगतो: आईंची मिश्री सोडवा. ओरडून सुटत नाही. डॉक्टरांकडून सांगून, डबी घरातून हलवून, त्या वेळेला हातात मऊ ब्रश देऊन सुटते. सुटली नाही तर वाचवलेले सुळेही दोन-चार वर्षांत जातील.

सगळं ठरलं की कामाचा क्रम असा लागेल. आधी हिरड्यांची सफाई आणि मिश्री बंद. मग सुळ्यांचं रूट कॅनल. मधले हलणारे चार दात काढायचे. त्याच दिवशी बसेल अशी तात्पुरती कवळी देता येते, म्हणजे आईंना बोळक्या तोंडाने लग्नाकार्यात जावं लागत नाही. ती कवळी तात्पुरतीच आहे, हे मात्र त्यांना आधीच सांगा. जखम भरताना हिरडी आत बसते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत ती सैल होणार आणि आतून भरून घ्यावी लागणार. पक्कं माप हिरडी स्थिरावल्यावरच. घाईने आठवड्यात दिलेली कवळी सैल होते ती याच कारणाने. तिच्यात करणाऱ्याचा दोष असतोच असं नाही, तिची वेळच चुकलेली असते.

जुनी वरची कवळीही मापाआधी बाजूला ठेवावी लागेल. सैल कवळीने रोज चेपलेली हिरडी सुजलेली, वेडीवाकडी असते. त्याच स्थितीत माप घेतलं तर नवी कवळी त्या सुजेवर बसते आणि सूज उतरली की हलते. म्हणून निदान एक दिवस कवळी पूर्ण काढून ठेवायची, किंवा कवळीच्या आत मऊ लेप लावून तो काही दिवसांनी बदलत राहायचा. आणि लिबलिबीत हिरडीचं माप वेगळ्या पद्धतीने घ्यावं लागतं. मापाच्या ट्रेला पुढे खिडकी कापतात, बाकीच्या हिरडीचं माप नेहमीच्या पद्धतीने घेतात आणि त्या हलणाऱ्या भागावर मापाचा अगदी पातळ मसाला न दाबता सोडतात. जोरात दाबून माप घेतलं की ती हिरडी वाकते, आणि तयार कवळी तिला स्प्रिंगसारखी ढकलत राहते.

मग चाव्याचं माप. मेणाचे दोन पट्टे तोंडात ठेवून वरचा आणि खालचा जबडा एकमेकांपासून किती अंतरावर थांबतात ते ठरवायचं. या टप्प्याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. जबडा आरामात असताना वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर फट राहिली पाहिजे. उंची जास्त झाली तर दात सारखे टकटक वाजतात आणि संध्याकाळपर्यंत गाल दुखतात. कमी झाली तर हनुवटी नाकाजवळ येते आणि ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडतात.

त्यानंतर मेणावर दात लावून ट्रायल असते. ट्रायलला तुम्ही किंवा घरातलं कुणीतरी बरोबर हवंच. मी पेशंटला एकसष्टपासून सदुसष्टपर्यंत मोठ्याने आकडे म्हणायला लावतो. त्यात "स" आणि "ष्ट" एकापाठोपाठ येतात, आणि दात चुकीच्या जागी असतील तर लगेच शिट्टी वाजते किंवा दात एकमेकांना आपटतात. "वावर", "वहिनी", "विहीर" म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाजवळ कुठे येते तेही दिसतं. आईंना आरसा द्या, उजेडात नेऊन बघू द्या, सुनेला-नातवाला दाखवू द्या. दात मेणावर आहेत तोवर प्रत्येक दात हलवता येतो. एकदा कवळी शिजून आली की नाही.

हो, कवळी शिजवतात. साच्यात अॅक्रिलिक भरून ते पाण्यात साधारण ७४ अंशांवर बराच वेळ, लांब पद्धतीत सात-आठ तास, ठेवायचं असतं. घाई केली तर आत न शिजलेलं द्रव्य उरतं, हिरडीची आग होते, आणि कवळीत बारीक भोकं राहून ती लवकर तडकते. आईंच्या बाबतीत वरच्या कवळीच्या टाळूत धातूची पातळ जाळी किंवा पत्रा घालून घ्या असं मी सुचवेन, कारण खाली सुळ्यांचा आधार आला की चावण्याचा जोर वाढणार. आणि दोन्ही कवळ्यांचे पुढचे दात तोंड मिटल्यावर एकमेकांना टेकता कामा नयेत, जोर दाढांवरच यावा. हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. वरच्या लिबलिबीत हिरडीचं पुढचं आयुष्य यावरच ठरणार आहे.

आता भाकरीचं खरं-खरं सांगतो. पूर्ण कवळीची चावायची ताकद खऱ्या दातांच्या चौथ्या ते सहाव्या हिश्श्याइतकी असते. सुळ्यांवरच्या कवळीने त्याहून बरंच चांगलं चावता येतं, पण विशीतले दात परत येत नाहीत. आईंना ज्वारीची ताजी भाकरी खाता येईल, हे मी खात्रीने म्हणतो. तव्यावरून उतरलेली, पापुद्रा मऊ असलेली. दुपारची गार, वातड भाकरी आमटीत कुस्करूनच. चावायला शिकायला सहा ते आठ आठवडे लागतात, कारण जिभेला आणि गालांना कवळी सांभाळायचं नवं काम शिकावं लागतं. पहिला आठवडा मऊ भात, खिचडी, शिरा. घास छोटा, आणि दोन्हीकडे थोडा थोडा, एकाच बाजूला चावलं की दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी तोडून खायचं नाही. पेरू फोडी करून, मक्याचं कणीस दाणे सोलून. शेंगदाण्याची चटणी आणि भडंग लगेच नको, बारीक कण कवळीखाली गेला की सुई टोचल्यासारखं दुखतं. ऊस मात्र विसरा म्हणावं, गुऱ्हाळावर गेलात तर रस प्या.

जखम झाली तर घरी कानशीने घासू नका. काही जण घासतात, आणि मग कड इतकी बिघडते की दुरुस्त होत नाही. दवाखान्यात येण्याआधी निदान काही तास कवळी घालून यावं, म्हणजे लाल ठिपका दिसतो आणि नेमकी तेवढीच जागा कमी करता येते. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची. हिरडीला विश्रांती हवी असते, आणि रात्रंदिवस घातलेल्या कवळीखाली टाळू लालभडक होतो, बुरशी वाढते. मधुमेहात तर नक्कीच. धुताना मऊ ब्रश आणि अंगाचा साबण. टूथपेस्टने चरे पडतात, गरम पाण्याने कवळी वाकते. खाली बादलीत पाणी ठेवून त्यावर धरून धुवा, हातातून निसटली तर फुटत नाही.

आणि सुळ्यांचे ते दोन खुंट. ओव्हरडेंचर फसते ती इथेच. कवळीखाली झाकलेले असतात, दिसत नाहीत, मग कुणी घासत नाही, आणि दोन वर्षांत किडून हिरडीखाली जातात. रोज रात्री मऊ ब्रशने दोन्ही खुंट घासायचे, डॉक्टरांनी दिलेली फ्लोराइडची जेल थेंबभर कवळीच्या त्या खळग्यात लावायची. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. आईंना हे जमणार नसेल आणि घरात कुणी करून देणारं नसेल, तर मला सांगा, कारण मग माझा सल्लाही बदलेल.

खर्चाचं म्हणाल तर साध्या दोन कवळ्या सगळ्यात स्वस्त, सुळ्यांवरची कवळी त्याहून थोडी जास्त, बटणं लावली की आणखी, दोन इम्प्लांटवरची त्याहून बरीच जास्त, आणि सहा इम्प्लांटचे फिक्स दात सगळ्यात महाग. पैशांची अडचण असेल तर तुमच्या जवळ डेंटल कॉलेजं आहेत: सांगलीत वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं, आणि कऱ्हाडला कृष्णाचं. तिथल्या प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, एका भेटीला अर्धा दिवस जातो. पण प्रत्येक टप्पा तपासून पुढे जातो, आणि लिबलिबीत हिरडीचं माप त्यांना शिकवलेलंच असतं. तासगावहून बस आहेच.

पहिल्या भेटीला आईंना जुनी कवळी तोंडात घालूनच न्या, पिशवीत टाकून नको; ती कशी हलते ते डॉक्टरांना बघायचं असतं. बरोबर ताजी एचबीए१सी, चालू गोळ्यांची चिठ्ठी, आणि खरे दात असतानाचा, हसताना काढलेला एखादा फोटो, दातांचा आकार त्यावरून लावता येतो. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर स्वतःहून बंद करू नका. आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन कुणी दिलं असेल, तर दात काढण्याआधी ते सांगाच, कारण त्या औषधांवर असताना काढलेल्या दाताची जखम कधी कधी भरत नाही आणि जबड्याचं हाड उघडं पडतं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचा दाताशी संबंध नाही असं वाटून बायका हे सांगत नाहीत, म्हणून त्यांच्या सगळ्या औषधांची पिशवीच घेऊन जा.